आमच्यात बसता का बँकेत?

घोडेगावात आमच्या शेजारी दामूभाऊ राहतात. गेल्या वर्षापर्यंत त्यांच्या घरी पाहुणा आला, की चपला काढायच्या आत त्याला एक प्रश्न विचारला जायचा.

"आमच्यात बसता का बँकेत?"

नवखा माणूस गोंधळायचा. मग दामूभाऊ जमिनीकडे बोट दाखवायचे. शहाबादी फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ तांबडी रेघ होती. रेघेच्या आतला भाग दामूभाऊंचा. बाहेरचा, म्हणजे दरवाजाकडचा, बँकेचा. घर कर्जावर बांधलेलं. जेवढं मुद्दल फिटलं तेवढी फरशी आपली, बाकीची बँकेची, असा त्यांचा साधा न्याय होता.

चहा फक्त 'आमच्यात' मिळायचा. बँकेत बसणाऱ्याला पाणी.

"बँकेच्या हद्दीत चहा बँकेनं पाजावा," दामूभाऊ म्हणायचे. "आमी कशाला मधी पडू?"

पहिल्या भेटीत मी बँकेत बसलो होतो. दुसऱ्या भेटीत खुर्ची उचलून आत गेलो.

घराची मापं मी स्वतः टेप लावून घेतली आहेत. रुंदी अठरा फूट, खोली तीस फूट. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक लहान खोली, मध्ये एक खोली, पुढे बैठकीची. मी शेजारी राहायला आलो तेव्हा कर्जाला चार वर्षं झाली होती आणि रेघ मधल्या खोलीत दोन फूट आली होती. म्हणजे मागच्या दोन्ही खोल्या सुटलेल्या होत्या.

रेघ मारायची पद्धत गवंड्यांची. गेरूत भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलायची आणि सोडायची. टण्णदिशी रेघ उठते. एक टोक दामूभाऊ धरायचे, दुसरं त्यांची मुलगी प्रणाली. चिमूट त्यांच्या पत्नीची, सुमनवहिनींची. जुनी रेघ ओल्या फडक्यानं पुसली जायची, पण फरशीत थोडी उरायचीच. सकाळच्या तिरप्या उन्हात मागच्या भिंतीपासून पुढे अशा फिकट रेघांची रांग दिसते.

त्यातली पहिली रेघ भिंतीपासून जेमतेम एक वीत आहे. तिची हकीकत मी दामूभाऊंकडून ऐकली आणि बँकेतल्या एका कारकुनाकडून पडताळून घेतली. दोघांचे तपशील जुळतात. पहिल्या वर्षाचे बारा हप्ते न चुकता भरून दामूभाऊंनी बँकेकडून कागद आणला, आकडेमोड केली, दोरी ताणली आणि ते जागेवर बसले. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि टेबलावर हाताची वीत पसरून म्हणाले, "साहेब, बारा हप्तं दिलं. जागा आली एवढी. बाकीची कुठं गेली?"

कारकुनानं समजावलं, की आधी व्याज वळतं होतं, मग मुद्दल. सुरुवातीला हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचा असतो.

"म्हंजे मी वरीसभर भाडं भरलं."

"तसंच समजा."

"आन मधीच ज्यादा पैसं आणून दिलं तर?"

"ते सगळे मुद्दलात जातील."

"सगळं?"

"सगळे."

दामूभाऊंनी हे तीनदा विचारून घेतलं, असं कारकून सांगतो. त्या दिवसापासून त्यांचं जोडकामांचं पर्व सुरू झालं.

नोकरी महाळुंगे पडवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळा परिचर म्हणून. परीक्षानळ्या धुणं, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं. जाणं-येणं सायकलवर. वाटेत ऊस. ऊस म्हटला की आमच्याकडे बिबट्या आलाच. इतर लोक मोटारसायकलचा हॉर्न वाजवतात, मोबाईलवर गाणी लावतात. दामूभाऊ बैलगाडा शर्यतीचं समालोचन करत जायचे. "आली रं आली, गाडी आली! भिर्रर्रर्र!" उसाच्या कडेला राहणारे लोक त्यावरून घड्याळ लावायचे, असं म्हणतात. ते मी पडताळलेलं नाही.

हे समालोचन त्यांचं पहिलं जोडकाम. यात्रांच्या दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्ट्यांवर, गाडे पळतात आणि माईकवर आवाज लागतो. दामूभाऊंचा आवाज खालच्या कोपऱ्यातल्या भेळवाल्यापर्यंत स्पष्ट जातो. यात्रा कमिटी समालोचकाला फेटा बांधते, नारळ देते, पाकीट देते. दामूभाऊ कमिटीला आधीच गाठायचे.

"फेटा नगं, अध्यक्ष. फेट्याचं पाकिटात घाला."

"अहो दामूभाऊ, मान असतोय तो!"

"मान लई झाला. नारळ चालंल, नारळाची चटणी व्हती."

दुसरं काम मंचरच्या बाजारात, कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या मोजायचं. लिलावाआधी ढिगातल्या जुड्या शेकड्यानं मोजाव्या लागतात. दामूभाऊ दोन्ही हातांनी पाच-पाच उचलतात आणि बोलता बोलता मोजतात, चुकत नाहीत. तिसरं काम गच्चीवर. तिथे त्यांनी काळ्या रंगाची एक पेटी केली, तिला काचेचं तिरपं झाकण बसवलं. आत पाणी ओतायचं, उन्हानं त्याची वाफ होते, काचेवर जमते आणि नळीवाटे बाटलीत उतरते. हे शुद्ध पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला ते विकायचे. गच्ची बँकेची असताना तिथे धंदा कसा करता, असं मी एकदा विचारलं.

"गच्ची बँकेची, ऊन देवाचं, पाणी ग्रामपंचायतीचं," ते म्हणाले. "माझी फकस्त बाटली."

काटकसरीच्या कथा गावात पुष्कळ सांगितल्या जातात. त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. चहाची पूड वाळवून पुन्हा वापरतात, ही खोटी. प्रणालीच्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून नवी वही करतात, ही खरी. लग्नाला ते एकटेच जायचे आणि आहेर म्हणून बॅटरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या द्यायचे, ही मला खोटी वाटली होती. मग माझ्या पुतणीच्या लग्नात त्या बाटल्या आल्या.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बँकेच्या भागाला दामूभाऊ स्वतःच्या भागापेक्षा जास्त जपायचे. तिथल्या भिंतीला एक खिळा नव्हता. तिथली फरशी रोज पुसली जायची, आतली एक दिवसाआड. "दुसऱ्याची वस्तू हाय," ते म्हणायचे. रेघ पुढे सरकली की नव्यानं सुटलेल्या भिंतीत ते त्याच दिवशी एक खिळा ठोकायचे. टांगायला काही असो वा नसो.

घरातल्यांनी या हद्दीशी जुळवून घेतलं होतं. प्रणाली बँकेत बसून अभ्यास करायची, कारण तिथे टांगलेलं, मांडलेलं काही नव्हतं आणि शांतता होती. "माझं लहानपण आमच्यात गेलंच नाही काका, सगळं बँकेत गेलं," ती मला म्हणाली. सुमनवहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. नवऱ्याशी वाजलं, की शिलाई मशीन उचलून रेघेबाहेर न्यायच्या आणि तिथून म्हणायच्या, "आता बोला! मी बँकेत हाय. हितं तुमची सत्ता नाय." दामूभाऊ रेघेपाशी येऊन थांबायचे. ओलांडायचे नाहीत. भांडण तिथेच संपायचं.

एकदा बँकेत नवे साहेब बदलून आले. कारकुनानं रेघेची गोष्ट सांगितली, त्यांना खरी वाटेना, म्हणून एका संध्याकाळी ते पाहायला आले. दामूभाऊंनी खुर्ची पुढे केली.

"साहेब, तुमी तुमच्यातच बसा."

साहेब हसले, बसले. पाणी आलं. सुमनवहिनींना राहवेना, त्यांनी चहाही आणला. साहेबांनी कप हातात घेऊन मागची खोली पाहायची इच्छा दाखवली.

"या की," दामूभाऊ म्हणाले. "पण पावणं म्हणून या."

साहेबांनी रेघेपाशी बूट काढले. हे मी पाहिलं आहे.

मागची ती लहान खोली मला पहिल्यापासून खटकत होती. घरातली सगळ्यात आधी सुटलेली जागा ती. पूर्वेला खिडकी, भिंतीत एक खिळा, एक लोखंडी खाट. खाटेवर गादी नाही, खिळ्यावर काही नाही. तीन माणसं स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीत दाटीनं झोपायची आणि ही खोली रिकामी. भाड्यानं दिली असती तर रेघ भराभर सरकली असती. नारळाची चटणी करणाऱ्या माणसाला हे सुचलं नसेल, असं नाही. शिवाय कोणीही दरवाजाकडून सुरुवात करील. यांनी मागच्या भिंतीपासून का केली?

विचारलं की उत्तर ठरलेलं. "मागनं आलेलं बरं असतंय."

खरं कारण मला डिंभ्याला कळलं. मी तेव्हा एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी किती उतरलं, ही दरवर्षीची बातमी. मी निघालोय हे पाहून दामूभाऊ मोटारसायकलवर मागे येऊन बसले. एसटीचा भरवसा नाही, म्हणाले. भाड्यापोटी पाण्याची एक बाटली दिली.

डिंभ्याला पाण्याच्या काठावर पत्र्याचं घर होतं. दारात कोंबड्या. एक वाळकी, ताठ म्हातारी उन्हात सुकट पसरत होती. ती दामूभाऊंची आई, चिमाबाई. लेकाला पाहून ती उठली नाही. पहिला प्रश्न विचारला:

"रेघ कुठवर आली?"

"मधली खोली सुटली, आई. आता पुढली."

"आन उंबरा?"

"उंबरा राह्यलाय."

"मंग मी नाय येत."

ती पुन्हा सुकट पसरायला लागली. दामूभाऊ खाली बसले आणि समजूत घालू लागले. तुझ्यासाठीची खोली कधीच आपली झालीये. खिडकीतनं सकाळचं ऊन येतंय. संडास घरात हाय. माझे आई, तू एकदा बघ तरी.

"खोली तुझी, ते खरं," म्हातारी म्हणाली. "पण खोलीत याचं कुटनं? दारातनंच ना? दार कुनाचं? बँकेचं. दुसऱ्याच्या उंबऱ्यावरनं मी आत येणार न्हाई."

रेघेचा शोध कोणाच्या डोक्यातून निघाला, हे मला तेव्हा समजलं. लेकानं फक्त दोरी आणली होती.

मग तिनं मला पाण्याकडे बोट करून दाखवलं. उतरलेल्या पाण्यातून दगडांचा एक चौकोन वर आला होता. जोतं. त्याच्या एका बाजूला तीन पायऱ्या.

"त्ये माजं घर," ती म्हणाली. "टेबल-खुर्ची टाकून सायेब बसले. कागद वाचला. मालकाचा अंगठा घेतला. कागद त्यांचा झाला तसं घर बी त्यांचं झालं. आता वरसातनं दोन म्हयनं दिसतंय. तेवडं बगते." आणि लेकाकडे न पाहता पुढे म्हणाली, "ह्यानं बी कागदावर सही केली. मला इचारलं नाय."

परत येताना ऊस लागला, पण दामूभाऊंनी समालोचन केलं नाही. घोडेगाव आल्यावर उतरले आणि म्हणाले, "तिचं वय झालं, पेपरवालं. वय काय रेघेसाठी थांबायचं नाय. मलाच पळाया पायजे."

पुढची वर्षं ते खरोखर पळाले. पूर्वी एका घाटावर थांबायचे, आता एका दिवसात दोन घाट करायला लागले. सकाळी जुन्नरकडे, दुपारी आंबेगावात. गच्चीवर पेट्या तीन झाल्या. बाजारात जुड्या संपल्या की ते भाजीचे कॅरेट मोजायला उभे राहायचे. एका पावसाळ्यात चिमाबाई घसरून पडली आणि महिनाभर अंथरुणाला खिळली. दामूभाऊ रोज शाळा सुटल्यावर डिंभ्याला जायचे, तिला जेवू घालून परत यायचे. एवढं होऊनही तिनं इकडे यायला नकार दिला. सुमनवहिनी चिडून म्हणाल्या, "उचलून आणा! उंबऱ्याला पाय लागणार नाय तिचा." दामूभाऊंनी यावर एक दिवस गंभीरपणे विचार केला आणि नाही म्हणाले. "तिला कळंल ना," ते म्हणाले.

वीस वर्षांचं कर्ज साडेदहा वर्षांत फिटलं. बँकेतून कागदपत्रं आली, पण दामूभाऊंनी शेवटची रेघ पुसली नाही. घराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढवलेला होता. तो कमी झाल्याची नोंद होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत ते थांबले. आई कुठला कागद मागेल, हे त्यांना ठाऊक होतं. उतारा आला त्या दिवशी त्यांनी फडकं घेऊन उंबऱ्याच्या आतली रेघ पुसली. खोलीतल्या खाटेवर गादी आली. दुसऱ्या दिवशी ते डिंभ्याला गेले.

दुपारच्या एसटीनं दोघं उतरले. दामूभाऊंच्या खांद्यावर सिमेंटची रिकामी गोणी आणि तिच्यात काहीतरी जड. म्हातारीनं जुन्या घराच्या जोत्यातला एक दगड काढून आणला होता. कंडक्टरनं "मावशे, दगड कशाला नेतीस, तिकडं काय दगड नाहीत का?" असं विचारलं आणि तिनं "तिकडं माजे नाहीत" असं उत्तर दिलं, हे दामूभाऊंनी नंतर सांगितलं.

चिमाबाई उंबऱ्याबाहेर थांबली.

"वाच," ती म्हणाली.

दामूभाऊंनी उतारा काढला. ज्या माणसाचा आवाज माईक नसतानाही घाटाच्या टोकाला पोचतो, त्याचा आवाज त्या दिवशी मला आमच्या ओट्यावर नीट ऐकू आला नाही. त्यांनी वाचून संपवलं. म्हातारीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, लेकाला परत दिला. मग वाकून उंबऱ्याला हात लावला आणि आत गेली.

ती चार दिवस राहिली. खोलीत झोपली, खिडकीतल्या उन्हात बसली, फिकट रेघा मोजल्या. पाचव्या सकाळी तिनं पिशवी भरली.

"कुठं निघालीस?" दामूभाऊंनी विचारलं.

"घरी. कोंबड्या शेजारणीवर टाकून आलेय."

"आई, ही खोली तुझ्यासाठी केली. धा वरसं झाली, कुणाला बसू दिलं नाय तिच्यात!"

"मी कवा म्हनले ऱ्हाईन?" चिमाबाई म्हणाली. "मी म्हनले व्हते, उंबरा तुजा झाल्याबिगर येणार न्हाई. आले की."

शब्दाला धरून बसायची सवय दामूभाऊंनी जिच्याकडून घेतली, तिच्यापुढे ती चालणार नव्हती.

सुमनवहिनींनी तिला चहा दिला. दामूभाऊ एसटीची वेळ बघायला बाहेर गेले, तेव्हा ती सुनेला हळूच म्हणाली, "त्याला रागवू दिऊ नगं. मी आशीच आले असते तर त्यो फेडायचा थांबला असता गं. निम्म्यात थांबला असता. कागदातनं सुटला, आता मला नीज लागंल." सुमनवहिनींनी हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि छापू नका म्हणाल्या. तेव्हा छापलं नाही. आता त्यांना विचारून लिहीत आहे.

दामूभाऊंनी तिला एसटीत बसवून दिलं. डिंभ्याचं पाणी उतरलं होतं. जोतं दिसायचे दिवस होते.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेलो. आता कुठेही बसलं तरी चहा मिळणार होता. पुढच्या खोलीत प्रणालीच्या मैत्रिणी बसल्या होत्या, म्हणून मी खुर्ची उचलून मागच्या खोलीकडे निघालो. दारातच थांबलो. खोलीच्या चौकटीत, फरशीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताज्या गेरूची एक रेघ होती. आत खाटेवर गादी तशीच अंथरलेली. खिडकीखाली जोत्याचा दगड. भिंतीतल्या खिळ्यावर चिमाबाईचं एक जुनं लुगडं, घडी घालून टांगलेलं. ती विसरून गेली होती, की ठेवून गेली होती, ते कळायला मार्ग नाही.

"पेपरवालं, हिकडं आमच्यात बसा," मागून दामूभाऊ म्हणाले. "तिकडं आईचं हाय."

मी खुर्ची खाली ठेवली आणि विचारलं, "ही रेघ कधी सरकवणार?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं बँकेतल्या कारकुनाकडे पाहिलं असेल.

"ही नाय सरकवायची," ते म्हणाले, आणि चहा आणायला आत गेले.